मणिभवनातील पाहुणा



मोहन्यातील आमचे जुने घर पाडून तेथे नवी इमारत उभी राहावयाची आहे. तिचा आराखडा गेल्या महिन्यात आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. तिजोरीची सोय झाली होती, वाहनांचीही झाली होती. वडिलांनी पाहुण्यांसाठी राखलेली खोली मात्र त्यात कोठेच नव्हती. “हल्ली राहावयास येतो कोण?” असे चिरंजीव म्हणाले, आणि मीही मान डोलावली.

पुढच्या रविवारी नातवास घेऊन मुंबईस गेलो. आंबिवलीहून दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि पुढे पायी गावदेवीतील मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईस आले की याच घरी उतरत. घर होते त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे.

या स्नेहाचे मूळ आपल्या परिचयाचे आहे. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींची डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. राजचंद्र हे रेवाशंकर जगजीवन यांच्या नावे चालणाऱ्या जवाहिरांच्या पेढीत भागीदार होते. लाखोंचा व्यवहार आटोपताच ते धर्मग्रंथ किंवा आपली रोजनिशी उघडत, हे गांधीजींनी आत्मकथेत आदराने नोंदविले आहे.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. दुसऱ्या मजल्यावरील गांधीजींच्या खोलीत चरखे आणि बैठक यांखेरीज फारसे काही नाही. आजारपणात ते येथे असताना घरावरून रोज एक पिंजारी जाई. गाद्यांसाठी कापूस पिंजणाऱ्या त्या कारागिरास त्यांनी वर बोलावले. सुताच्या पेळूंसाठी कापूस पिंजून देण्याचे त्याने मान्य केले. दर मात्र चढा सांगितला. गांधीजींनी तो दिला. हे ऐकून नातू हसला. घासाघीस न करता भाव देणारे गिऱ्हाईक आमच्या दुकानात त्याने क्वचितच पाहिले आहे!

पण या घराने याहून मोठे मोल चुकविले. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाची सूत्रे येथून हलली. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे, गच्चीवरील तंबूतून पोलिसांनी गांधीजींना अटक करून नेले. पेढीची पत सांभाळणाऱ्या गृहस्थाने सरकारच्या रोषास पात्र ठरलेल्या अतिथीस वर्षानुवर्षे आसरा द्यावा, याचा अर्थ व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १९५५ मध्ये ही वास्तू स्मारक म्हणून गांधी स्मारक निधीकडे आली.

गच्चीवर नातवाने विचारले, “आजोबा, गांधीजी इथे भाडं किती देत होते?”

“पाहुण्याकडून कोणी भाडे घेते का, बाळा?”

“मग हे वहीत कुठं लिहायचं? जमेला की नावे?”

मला तेथे उत्तर सुचले नाही. परतीच्या गाडीत श्रावकाची बारा व्रते आठवली. त्यांतले शेवटचे अतिथिसंविभाग. त्याचा मुख्य अर्थ त्यागी साधूंना निर्दोष आहारदान देणे. परंतु ‘संविभाग’ म्हणजे आपल्या वाट्यातून योग्य वाटा काढणे. उरलेसुरले देणे म्हणजे संविभाग नव्हे. झवेरींनी आपले राहते घरच त्या वाट्यात धरले होते.

घरी येऊन मी पुन्हा आराखडा मागविला. पाहुण्यांच्या खोलीस लागणाऱ्या जागेचा आजचा बाजारभाव चिरंजीवांनी कागदावर मांडून दाखविला. हिशेब अचूक होता. मी तो खोडला नाही. एवढेच सांगितले, की ही जागा दुकानातून नको, मुलांच्या खोल्यांतूनही नको. माझ्या खोलीतून काढावी.

चिरंजीव काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आराखडा दुरुस्तीस पाठविला.