मोजक्या रेषांतील नाटक

चीनमध्ये संगीत नाटकांची मोठी परंपरा आहे. गाणे, अभिनय, नृत्य आणि कसरती यांचा त्यांत मेळ असतो. या नाटकांतील पात्रे काही चिनी चित्रकारांनी कुंचला आणि शाई यांनी कागदावर उतरवली. ही चित्रे पाहून काही जण म्हणतात, "ही तर लहान मुलाने काढल्यासारखी दिसतात. कपड्यांवरची जर कुठे आहे? मुकुटाचे मोती कुठे आहेत?" माझ्या मते हा आक्षेप योग्य नाही.

आधी रंगमंचाचा विचार करू. पारंपरिक चिनी नाटकात रंगमंच जवळजवळ रिकामा असतो. नटाच्या हातात चाबूक आला, की तो घोड्यावर बसला आहे हे प्रेक्षक ओळखतात. हातात वल्हे आले, की समोर नदी आहे असे ते मानतात. खरा घोडा नसतो, खरे पाणी नसते. तरी कोणाची तक्रार नसते. नाटकच जर इतके सोडून देते, तर त्याच्या चित्रात सारे काही का भरावे?

ग्वान ल्यांग (१९००–१९८६) या चित्रकारांनी हे मर्म ओळखले. तरुणपणी ते जपानमध्ये तैलचित्रकला शिकले होते. माणूस हुबेहूब कसा काढावा, हे त्यांना ठाऊक होते. तरीही नाटकातील पात्रे त्यांनी जाड, साध्या रेषांनी काढली. वळलेली मान, उचललेला पाय आणि रोखलेली नजर एवढ्यावर त्यांचे पात्र उभे राहते.

हे काम सोपे नाही. चिनी चित्रांचा कागद शाई लगेच शोषून घेतो. एकदा ओढलेली रेष खोडता येत नाही. बोरूने खुशखत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना ही अडचण चटकन समजेल. म्हणून रेषा कमी आहेत, तर मेहनतही कमी असेल, असे समजू नये.

मात्र वाटेल ते गाळून चालत नाही. या नाटकांत चेहऱ्याच्या रंगांना अर्थ असतो. निष्ठावान सेनापती ग्वान यू याचा चेहरा लाल, न्यायी बाव चंग याचा काळा, तर कपटी त्साव त्साव याचा पांढरा रंगवतात. रंग बदलला, तर पात्रच हरवते. वेलबुट्टी गाळावी, पण ओळख गाळू नये.

या पात्रांवर कठीण काळही आला. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत जुनी नाटके रंगमंचावरून हटवण्यात आली. अशीच पात्रे रंगवणारे लिन फंगम्यान (१९००–१९९१) यांनी भीतीपोटी स्वतःची पुष्कळ चित्रे नष्ट केली. तरीही त्यांना चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. पुढे नाटके परतली. २०१० मध्ये युनेस्कोने बीजिंगच्या संगीत नाटकाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. नष्ट झालेली चित्रे मात्र परत आली नाहीत.

म्हणून उरलेली चित्रे पाहताना मुकुटाचे मोती मोजत बसू नये. पात्र जिवंत वाटते का, एवढेच पाहावे.