विश्लेषण : सुधारित विळ्यावर कृषीचे विद्यार्थी खूश, पण कापणी करणारीचे काय?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ जाहीर केले आहे. शेतातले कष्ट कमी करणारी सुधारित हातअवजारे कृषी महाविद्यालयांत शिकवली जातात. पण विद्यार्थ्यांना अवजार आवडले, म्हणजे ते यशस्वी झाले का?

ही अवजारे कोणती?

भातकापणीसाठी दातेरी ‘वैभव’ विळा, आंबा काढण्यासाठी ‘नूतन झेला’, ओळीत पेरलेल्या पिकातले तण काढण्यासाठी सायकल कोळपे. झेल्याने आंबा देठासह उतरतो, त्यामुळे चीक सांडून फळ डागाळत नाही. कोळपे उभ्याने चालवता येते. तासन् तास उकिडवे बसून खुरपावे लागत नाही.

विद्यार्थ्यांचा संबंध कुठे येतो?

पदवीच्या शेवटच्या वर्षी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असतो. कृषिदूत आणि कृषिकन्या गावात जाऊन प्रात्यक्षिके दाखवतात. अवजार सोपे वाटले का, उपयुक्त वाटले का, हे त्यांना विचारणे योग्यच आहे. ज्याला स्वतःला अवजार पटलेले नाही, तो इतरांना काय पटवणार?

मग अडचण कुठे आहे?

विद्यार्थी अवजार काही मिनिटे हाताळतो, मजूर बाई दिवसभर. ग्रामीण भागातल्या कामकरी स्त्रियांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक शेतीत आहेत. त्यांची सरासरी उंची पुरुषांपेक्षा दहा-बारा सेंटीमीटरने कमी असते. पुरुषाच्या मापाचा दांडा त्यांच्या खांद्यावर ताण आणतो. शास्त्रज्ञ हा ताण हृदयाचे ठोके आणि प्राणवायूच्या वापरावरून मोजतात. ‘आवडले’ या उत्तरातून तो कळत नाही. दुरुस्तीचाही प्रश्न असतो. साधा विळा दगडावर घासला की धार येते, दातेरी विळ्याचे दाते झिजले की तसे भागत नाही.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला दुसरा कागद जोडता येईल. हंगाम संपल्यावर त्याच बाईला विचारायचे : दिवसात किती वेळ वापरले, कुठे दुखले, मोडल्यावर कोणी दुरुस्त केले, स्वतःच्या पैशाने पुन्हा घ्याल का? या नोंदीला कार्यानुभवात गुण ठेवले, तर विद्यार्थी प्रात्यक्षिकानंतरही त्या शेतात जातील. अवजारात काय बदलायला हवे, ते तिथेच कळेल.