विश्लेषण : वर्धा वाढली, हद्द मात्र तिथेच! नागरिकांचे म्हणणे ऐकायचे कधी?

जनगणनेसाठी देशभरातील गावे, शहरे आणि तालुक्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवण्यात आल्या. ३१ मार्च २०२७ पर्यंत कोणत्याही शहराच्या हद्दीत बदल करता येणार नाही. वर्ध्याच्या हद्दवाढीचा वर्षानुवर्षे चर्चेत असलेला विषयही त्यामुळे तूर्त बाजूला पडला आहे. विषय थांबला म्हणजे शहराची वाढ थांबली, असे मात्र नाही. शहराभोवती लेआउट पडतच आहेत. हद्दीचा हा प्रश्न नेमका काय आहे, नागरिकांचे गट काय मांडत आले आहेत आणि हा मधला काळ कशासाठी वापरायला हवा?

शहर नेमके कुठे वाढले?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये जिल्ह्याचे नवे मुख्यालय वसवण्यात आले आणि तेच आजचे वर्धा शहर. म्हणजे हे शहर मुळातच नकाशा आखून वसलेले आहे.

नंतरची वाढ मात्र नकाशाबाहेर झाली. २००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख ११ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ६ हजार ४४४ भरली. दहा वर्षांत शहराची लोकसंख्या चक्क कमी झाली! लोक वर्धा सोडून गेले, असा याचा अर्थ नाही. ते हद्दीपलीकडे राहायला गेले. पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे), नालवाडी, म्हसाळा, साटोडा ही गावे आता शहरापासून वेगळी ओळखू येत नाहीत. रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद, दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत, असे चित्र अनेक ठिकाणी आहे.

सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, सेवाग्रामची वैद्यकीय संस्था, १९९७ पासूनचे हिंदी विश्वविद्यालय ही मोठी केंद्रे जुन्या शहराच्या बाहेर आहेत. त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली. या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ मध्ये खुला झाला. जमिनीला मागणी येण्याची कारणे वाढतच आहेत.

हद्दीने काय फरक पडतो?

हद्द ही नकाशावरची नुसती रेघ नसते. पाणी कोण देणार, बांधकामाला परवानगी कोण देणार, नाली कोण साफ करणार आणि झाड तोडण्याआधी कोणाला विचारावे लागणार, हे त्या रेघेवरून ठरते.

पाण्याचेच पाहा. वर्धा नगरपरिषद धाम नदीवरून पवनार आणि येळाकेळी येथे पाणी उचलते. लगतच्या गावांना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रादेशिक योजना पाणी देते. यंत्रणा दोन, पण नदी एकच. महाकाळी येथील धाम प्रकल्पातला साठा घटला की टंचाई हद्द पाहून येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहर आणि गावे दोघांनीही हे अनुभवले.

सांडपाण्याचे तसेच. शहरात अमृत योजनेतून भुयारी गटाराचे काम झाले, पण ते शहरापुरते. हद्दीबाहेरच्या नव्या वस्त्यांचे सांडपाणी उघड्या नाल्यांतून वाहते आणि उतार शहराकडे असेल तर शहरातच येते.

बांधकामाची अडचण वेगळी आहे. शेत घ्यायचे, लेआउट पाडायचे, प्लॉट विकायचे आणि मोकळे व्हायचे. पुढे रस्ता, पथदिवे, नाली यांचा भार ग्रामपंचायतीवर येतो. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीत ही जागा उरतच नाही. मुलांना खेळायला मैदान का नाही, याचे उत्तर बहुतेकदा इथे सापडते.

सेवाग्राम रस्त्यावर नागरिकांचे म्हणणे काय होते?

विस्ताराच्या योजनांवर वर्धेकरांनी अलीकडच्या काळात सर्वात ठळकपणे आवाज उठवला तो २०२० मध्ये. वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली. ही झाडे गांधीजींच्या काळातली असल्याचे सांगत नागरिक एकत्र आले, त्यांनी समिती केली आणि विरोध नोंदवला. त्यानंतर वृक्षतोड थांबली.

रस्ताच नको, अशी भूमिका कोणी घेतली नव्हती. झाडे राखून रस्ता आखता येतो का, हे आधी तपासा, एवढेच मागणे होते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी ज्या गावात राहायला आले, तिथे जाणारा हा रस्ता. तो रुंद झाला पण त्याची सावली गेली, तर सेवाग्रामला येणाऱ्याला नेमके काय मिळाले, हा त्यामागचा प्रश्न.

वर्ध्यातले नागरिक फक्त विरोधासाठी एकत्र येतात, असेही नाही. वैद्यकीय जनजागृती मंचाने श्रमदानातून हनुमान टेकडीवर झाडे लावली आणि जगवली. शहराला ऑक्सिजन पार्क मिळाला तो लोकांच्या घामातून.

सेवाग्रामच्या झाडांना एक कायदेशीर बाजूही आहे. शहरी भागातील झाडांना १९७५ चा राज्य कायदा लागू होतो. त्यात वृक्ष प्राधिकरण, जाहीर नोटीस आणि हरकतींची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण दिले. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, पण तो अनुसूचीतल्या ठरावीक प्रजातींपुरता. म्हणजे तेच झाड, तेवढेच जुने. रेघेच्या अलीकडे असेल तर एक कायदा, पलीकडे असेल तर दुसरा.

गावांचा विरोध कशासाठी?

हद्दवाढ म्हटले की शहरातून मागणी आणि गावातून विरोध, हे राज्यभराचे चित्र आहे. गावांची भीती निराधार नाही.

पहिली भीती कराची. शहरात गेल्यावर मालमत्ता कर वाढेल, पण पाणी आणि रस्ता कधी येईल याची हमी कोणी देत नाही. दुसरी भीती योजनांची. ग्रामीण घरकुल, ग्रामीण रोजगार, ग्रामपंचायतीला थेट येणारा वित्त आयोगाचा निधी यांचे नियम शहरासाठी वेगळे आहेत. तिसरी भीती आवाजाची. ग्रामसभेत कोणीही उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. नगरपरिषदेत तशी सभा नाही, तिथे नगरसेवकामार्फतच बोलावे लागते. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत काही वर्षे प्रशासक होते. त्या काळात नगरसेवकही नव्हते, हे गावकरी विसरलेले नाहीत.

इतर शहरांत काय घडले?

पुण्यात हवेली तालुका नागरी कृती समितीने ३४ गावे महापालिकेत घेण्यासाठी उच्च न्यायालयात लढा दिला. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि ३० जून २०२१ रोजी उरलेली २३ गावे पालिकेत आली. पण सुविधांआधी कराची बिले आल्याची तक्रार वाढत गेली. अखेर २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला.

कोल्हापूरची गोष्ट उलटी आहे. तिथे १९७२ मध्ये महापालिका झाली, पण पुढे अनेक दशके आंदोलने होऊनही हद्द वाढली नाही. शहरात हद्दवाढीसाठी कृती समिती, गावांत विरोधी समिती. तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण नेमले गेले, तरी वाद मिटला नाही.

एका ठिकाणी घाई झाली, दुसऱ्या ठिकाणी टाळाटाळ. दोन्हीकडे सेवांचा हिशेब आधी मांडला गेला नाही.

प्रक्रिया काय आहे? हरकत कधी घ्यायची?

टप्पे दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत.

• हद्द : १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढते. त्यावर हरकती-सूचनांसाठी किमान ३० दिवस मिळतात. त्यानंतर अंतिम निर्णय होतो. शहरात न जाता स्वतंत्र नगरपरिषद किंवा नगरपंचायत हाही पर्याय कायद्यात आहे. नगरपरिषदेसाठी २५ हजार लोकसंख्या आणि किमान ३५ टक्के बिगरशेती रोजगार ही अट आहे.

• विकास योजना : वाढीव भागासाठी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे वेगळी विकास योजना, म्हणजे डीपी, करावी लागते. प्रारूप डीपी प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकत घेता येते. नियोजन समिती हरकत घेणाऱ्यांची सुनावणी घेते. अंतिम मंजुरी राज्य सरकारची.

बहुतेकांना डीपी कळते ती सातबाऱ्यावरील जमिनीवर आरक्षण पडल्याचे कानावर आल्यावर, किंवा जेसीबी दारात आल्यावर. तोवर हरकतींची मुदत संपलेली असते. हरकत घेताना ‘योजना चुकीची आहे’ एवढे लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, नकाशातील जागा, काय चुकले आणि त्याऐवजी काय करावे, हे चारही मुद्दे लागतात.

आरक्षण पडले म्हणजे बाग झालीच का?

नाही. जागा आरक्षित केली तरी ती ताब्यात घ्यायला पैसा किंवा टीडीआरसारखा मोबदला लागतो. डीपी लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत प्रशासनाने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. म्हणून नागरिकांच्या गटांनी किती आरक्षणे दाखवली हे मोजू नये. कोणत्या वर्षी, कोणत्या निधीतून किती जागा घेणार, हे विचारावे.

आता काय व्हायला हवे?

हद्दवाढ हवी की नको, या एकाच प्रश्नात वर्ध्याची चर्चा वर्षानुवर्षे अडकली आहे. लोक एकत्र राहतात, एकाच नदीचे पाणी पितात आणि त्यांचे सांडपाणी एकाच नाल्यात जाते. त्यांचे नियोजन वेगवेगळ्या कार्यालयांत होणे कोणाच्याच हिताचे नाही. त्यामुळे शहर आणि लगतच्या गावांचे नियोजन एकत्र व्हायलाच हवे. मग ते एका नगरपरिषदेखाली असो वा दोन.

पण क्रम उलटा नको. आधी धामच्या पाण्याचा हिशेब : आज किती, दहा वर्षांनी किती लागणार आणि ते कुठून येणार. मग सांडपाण्याचा. मग जुन्या झाडांची, नाल्यांची आणि मोकळ्या जागांची मोजणी करून ती नकाशावर चढवणे. त्यानंतर कराचा टप्प्याटप्प्याचा तक्ता : कोणती सेवा मिळाल्यावर कोणता कर. हे चार कागद गावापुढे ठेवले, तर विरोधाची धार कमी होईल. ते न ठेवता अधिसूचना काढली, तर वर्ध्यातही फुरसुंगी घडू शकते.

मार्च २०२७ पर्यंत हद्द बदलता येणार नाही, पण मोजणी करायला, नकाशा मराठीत मोबाइलवर उघडेल असा प्रसिद्ध करायला आणि प्रभाग व ग्रामसभांत तो दाखवायला कोणतीही मनाई नाही. नगरपरिषदेत आता निवडून आलेले लोक आहेत. त्यांनी लगतच्या सरपंचांना चर्चेला बोलवायला जनगणना संपण्याची वाट पाहायची गरज नाही.

नागरिकांच्या गटांनाही जागा बदलावी लागेल. सेवाग्राम रस्त्यावर लोक धावून आले, तेव्हा काही झाडे पडलेली होती. पुढच्या रस्त्याची रेघ कागदावर ओढली जात असतानाच ते टेबलाशी असले पाहिजेत. आणि तिथे त्यांना खुर्ची देणे, ही प्रशासनाची जबाबदारी आहे.