मागच्या बाकावरचा नायक

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ साली आली आणि नववीतला मुकुंद जोशी घराघरांत ओळखीचा झाला. त्याआधीच प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’मधून लंपन दिला होता, आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढणारा, सांगता न येणारे सगळे मनात साठवणारा. आपल्याकडे कुणाचे लक्षच नाही हे त्या वयाचे मोठे दुःख असते, आणि या दोन्ही लेखकांनी ते हसण्यावारी नेले नाही. शहराबाहेरच्या वाचकांनाही ही मुले आपली वाटली ती म्हणूनच.

पण गडचिरोली-चंद्रपूरकडच्या भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला ‘हे घे, हे तुझ्याबद्दल आहे’ म्हणून देता येईल असे पुस्तक मराठीत सहजासहजी हाती लागत नाही. सहा-सात वर्षांची असताना ती पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात येते. घरची बोली माडिया, गोंडी नाहीतर कोलामी. गुरुजींची आणि पुस्तकाची मराठी. पहिले वर्ष ती गप्प बसते आणि तिच्या गप्प बसण्यावरून शाळा तिची हुशारी ठरवून मोकळी होते. हीच मुलगी मे महिन्यात आईबरोबर तेंदूपत्ता तोडते. ७० पानांचा एक पुडा, भाव शेकड्याने. दिवसभरात किती पुडे झाले आणि संकलनाच्या फडीवर किती मांडले गेले, हा हिशेब तिच्या डोक्यात पक्का असतो. जूनमध्ये शाळा उघडली की गणितात ती पुन्हा ‘कच्ची’. कादंबरीकाराला याहून मोठे नाट्य कुठे हवे?

या भागातला तरुण मराठी कादंबरीत आलाच नाही असे नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात आयुष्य घातलेल्या विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’मध्ये माडिया तरुणाला मध्यभागी आणले, आणि ते काम मोलाचे आहे. पण त्यानंतर बंदुकीपर्यंत न पोहोचलेल्या, नुसत्याच वाढणाऱ्या, प्रेमात पडणाऱ्या, नापास होणाऱ्या मुलांकडे किती जणांनी पाहिले? गडचिरोलीचे नाव बाहेर जाते ते चकमकीच्या बातमीतून, चंद्रपूरचे वाघाच्या. ताडोब्यातली माया वाघीण आणि मटकासुर वाघ पुण्या-मुंबईच्या मुलांना नावानिशी माहीत आहेत. त्याच जंगलाच्या कडेला, बफरमधल्या गावातून सकाळच्या धुक्यात जीव मुठीत धरून शाळेची वाट चालणाऱ्या मुलाचे नाव कुणाला ठाऊक नाही. मला ही गोष्ट फार लागते.

वाचक नाहीत, हे उत्तर पटण्यासारखे नाही. दिवाळीनंतर वडसा, सिंदेवाही, आरमोरीच्या गावागावांत झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात आणि मंडप भरलेले असतात. त्या गर्दीत शाळकरी पोरे मोठ्या संख्येने असतात. गोष्टीची भूक आहे. गोष्टीत स्वतःला पाहण्याची संधी तेवढी नाही. २०१२ मध्ये चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, वसंत आबाजी डहाकेंसारखा याच मातीशी नाते असलेला कवी त्याचा अध्यक्ष होता. तेव्हा किशोरवयात असलेली इथली मुले आता पंचविशी ओलांडून गेली, तरी त्यांचे पुस्तक त्यांना मिळाले नाही.

या मुलांची कादंबरी बाहेरून येऊन कुणी लिहिण्याची वाट पाहू नये. आश्रमशाळेत शिकून आज शिक्षक, परिचारिका, वनरक्षक झालेली मुले-मुली या जिल्ह्यांत आहेत. मागच्या बाकावर बसणे म्हणजे काय, ते त्यांना शिकवावे लागणार नाही. गोंडवाना विद्यापीठाने त्यांच्यासाठी लेखनाची कार्यशाळा घ्यावी, त्यांच्या मराठीत माडिया-गोंडीचे शब्द आले तर ते ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात प्रकाशकांनी पडू नये, आणि आदिवासी विकास विभागाने अशा पुस्तकांच्या प्रती प्रत्येक आश्रमशाळेत पोहोचवाव्यात, कपाटाला कुलूप न लावता.