चेहऱ्यावरचा वांग आणि आपली घाई

नात्यातल्या एका निकाहात जेवायला बसले होते. समोरच्या एका खालांनी बिर्याणीचा घास हातात तसाच धरून सगळ्यांदेखत विचारलं, “अगे, तेरे मुँह कू क्या हुआ?”

मी म्हटलं, “वांग आहे, खाला.” एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण चेहऱ्यावरचा डाग ही आपल्याकडे खाजगी गोष्ट नसते. एकीने पोट साफ नसेल म्हणून सांगितलं. दुसरीला नजरेची शंका आली. तिसरीने हळद आणि लिंबू चोळायला सांगितलं. चौथी, जी आतापर्यंत गप्प होती, ती हात धुताना माझ्याजवळ आली आणि कानात एका ट्यूबचं नाव सांगून गेली. “पंधरा दिवसांत साफ. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही.”

ते नाव मला चांगलं माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मीच ते माझ्या भाचीच्या कानात सांगितलं होतं. आज लिहितेय ते त्यासाठी.

आधी वांगाबद्दल. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठाच्या वर तपकिरी डाग येतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखे. डॉक्टर त्याला मेलास्मा म्हणतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त रंग तयार करू लागतात. ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवायच्या गोळ्या आणि घराण्यात असलेला कल ही त्याची मुख्य कारणं. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो. तो संसर्गाने पसरत नाही, दुखत नाही, त्याने जीव जात नाही. पुरुषांनाही होतो, पण रिक्षावाल्याला किंवा शेतातल्या माणसाला कुणी दस्तरखानावर त्याबद्दल विचारत नाही.

माझा वांग धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात आला. बाळंतपणानंतर काहींचा आपोआप फिकट होतो, माझा झाला नाही. घर सोलापुरात, नोकरी शाळेत, येणं-जाणं स्कूटीवरून. एप्रिल-मे महिन्यात इथलं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. “तू तर बुरख्यात असतेस, तुला ऊन कुठून लागतं?” हेही ऐकलं. अहो, बुरख्यात अंग झाकलेलं असतं, चेहरा उघडाच असतो. नकाब घेणारीच्या कपाळावर आणि डोळ्यांखाली ऊन पडतंच, आणि कापड पातळ असेल तर उजेड आतही पोहोचतो. वांगाला नुसते अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही पुरतो.

तर मी मेडिकलच्या दुकानातून ती ट्यूब आणली. तिच्यात तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. हे मिश्रण काही भोंदूगिरी नाही. क्लिगमन आणि विलिस या दोघा अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी १९७५ मध्ये ते मांडलं आणि आजही चांगले डॉक्टर वांगावर ते देतात. पण मोजून देतात. काही आठवडे, फक्त डागांवर, फक्त रात्री, मग तपासणी, मग बंद. औषध वाईट नाही हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे एखाद्या गोष्टीने घात झाला की तिलाच विष ठरवून मोकळं व्हायची सवय आहे. विष ती वापरण्याच्या रीतीत होतं.

मला तीन आठवड्यांत फरक दिसला. डाग तर गेलेच, चेहराही उजळला. शाळेतल्या बाई विचारू लागल्या. मी आठ महिने लावत राहिले, रोज, पूर्ण चेहऱ्याला, पावडर लावावी तशी. त्याच काळात भाचीसाठी रिश्ते येत होते. बावीस वर्षांची पोर, बी. कॉम. झालेली, कपाळावर आणि गालांवर मुरमांचे काळे डाग. म्हणजे तिला वांग नव्हताच. एक रिश्ता “लडकी का रंग जरा दबा हुआ है” म्हणून परत गेला होता, आणि तिच्या अम्मीची झोप उडाली होती. मी मोठेपणाने ट्यूब तिच्या हातात ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना अजून त्रास होतो. मंगनी झाली. मंगनीनंतर महिन्याभराने तिने ट्यूब बंद केली आणि आठवड्याभरात चेहरा लालबुंद झाला. आग, खाज, बारीक पुरळ. पुन्हा लावली की शांत, बंद केली की पुन्हा तेच. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. चुलीसमोर उभी राहू शकेना. सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमनी तिचा चेहरा पाहून पहिलाच प्रश्न विचारला, “कोणती ट्यूब? आणि दिली कुणी?” मी शेजारीच बसले होते.

स्टिरॉइड दीर्घकाळ लावलं की कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. भारतात अशा चेहऱ्यांची इतकी गर्दी झाली की इथल्या त्वचातज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. त्यांच्या संघटनेने सरकारकडे पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये चेहऱ्याला लावायची बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. कागदावर बंदी आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती अजून पोहोचलेली नाही.

ट्यूबवर निदान आत काय आहे ते छापलेलं असतं. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीत मिळणाऱ्या क्रीमचं तेही नाही. २०२३ मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडाला इजा. तपास करत करत मुंबईच्या केईएममधले डॉक्टर एका गोरं करणाऱ्या क्रीमपर्यंत पोहोचले. त्यात पारा होता. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. लावणारीला वाटतं क्रीम काम करतंय. ते करतंच, फक्त चेहऱ्यापाशी थांबत नाही.

आता माझं म्हणणं. वांगाने आमच्या घरातल्या कुणाचंही नुकसान केलं नाही. नुकसान घाईने केलं, आणि घाई डागाची नव्हती, बघणाऱ्यांची होती. जुम्म्याच्या बयानात हजरत बिलालचं नाव आलं की आपले डोळे भरून येतात. इस्लाममध्ये काळ्या-गोऱ्याला थारा नाही हे आपण दुसऱ्या धर्माच्या मित्रांना अभिमानाने सांगतो. आणि मशिदीतून घरी येऊन मुलासाठी “रंग साफ” असलेली मुलगी शोधायला बसतो. हे फक्त आपलंच आहे असं नाही, वधूवर सूचक मंडळाच्या जाहिराती वाचा, सगळे एकाच नावेत आहेत. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून टाकला. आमच्या घरांनी अजून काढलेला नाही.

मग वांगावर करायचं काय? उपचार आहेत, पण कंटाळवाणे आहेत. साखर किंवा बीपीसारखा तो सांभाळावा लागतो. डॉक्टर मॅडमनी माझ्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं ते औषध नव्हतं, सनस्क्रीन होतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढून तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा. शक्यतो त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा उजेडही अडवतं, नुसतं पारदर्शक सनस्क्रीन तेवढं अडवत नाही.

इथे आपल्या बायकांचा एक प्रश्न येतो, जो डॉक्टरला विचारायला त्या लाजतात आणि मौलवींना विचारायला तर त्याहून जास्त. सनस्क्रीन लावून वजू होतो का? मी कितीतरी जणींना एवढ्याच कारणाने सनस्क्रीन टाळताना पाहिलंय. मी काही आलिमा नाही. पण नियम साधा आहे, पाणी कातडीपर्यंत पोहोचलं पाहिजे. अंगात मुरणाऱ्या तेला-क्रीमची अडचण नसते, वर थर धरणारी वस्तू धुऊन काढावी. मग घड्याळ पाहा. फज्र होते तेव्हा सूर्य उगवलेलाच नसतो. सनस्क्रीन त्यानंतर, घराबाहेर पडण्याआधी लावायचं. जोहरला चेहरा फेसवॉशने धुवा, वजू करा, नमाज पढा आणि पुन्हा लावा. डॉक्टर जे “पुन्हा लावा” म्हणून कानीकपाळी ओरडतात, ते आपल्याला वजू आपोआप आठवण करून देतो. असरनंतर ऊन उतरलेलं असतं. आणि रात्रीचं औषध इशानंतर, ते फज्रपर्यंत निवांत कातडीवर राहतं. रमजानमध्येही हे चालतं, त्वचेवर लावलेल्या मलमाने रोजा तुटत नाही.

औषधांचं डॉक्टरवर सोडा, पण काय चाललंय ते समजून घ्या. हायड्रोक्विनोन काही महिन्यांपुरतंच असतं. वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे डाग पडू शकतात, आणि ते जाता जात नाहीत. गरोदरपणात ते आणि ट्रेटिनॉइन दोन्ही टाळतात, तेव्हा गरज पडलीच तर डॉक्टर बहुधा अझेलाइक ॲसिड देतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचा वांगावर उपयोग होतो. जास्त रक्तस्रावासाठी बायकांना देतात त्याच या गोळ्या, फक्त कमी मात्रेत. पण कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर त्या धोक्याच्या, म्हणून मैत्रिणीने घेतल्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत. पील आणि लेझरच्या जाहिरातीत “कायमचा उपाय” लिहिलेलं दिसलं तर पुढे चला. आपल्या कातडीवर लेझर चुकलं तर डाग आणखी गडद होतो. आणि लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांनी लिंबू सरबतात वापरावं. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजते आणि मागे नवे डाग राहतात.

एक गोष्ट मात्र मला सतावते. चांगलं सनस्क्रीन सांगितल्याप्रमाणे लावलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही आणि चार-पाचशे रुपये घेते. आमच्या शहरात विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? ती स्वस्तातली स्टिरॉइडची ट्यूब घेते तेव्हा ती मूर्ख नसते, तिच्या परवडण्यात तेवढंच बसतं. तिला मी छत्री सांगते. आणि घट्ट विणीची गडद ओढणी, कपाळावर पुढे ओढून. ती विनाखर्चाची आहे आणि सनस्क्रीन लावणाऱ्यांनीही घ्यावी.

भाचीचा चेहरा निवळायला दीड वर्ष गेलं. मंगनी तुटली नाही, मुलगा भला निघाला, निकाह पुढे ढकलला एवढंच. डाग थोडे आहेत. माझा वांग दर उन्हाळ्यात गडद होतो, दर थंडीत फिकट होतो, आणि मी आता त्याला विचारत नाही कधी जाणार म्हणून.

मागच्या आठवड्यात अम्मीच्या बीपीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले. पुढे एक मुलगी उभी होती, वीस-एकवीसची. तिने त्याच ट्यूबचं नाव घेतलं, दुकानदाराने न बघता काढून दिली. मी तिला बाजूला घेऊन माझ्या भाचीचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, “मॅडम, रविवारी बघायला येणार आहेत.” ट्यूब पर्समध्ये टाकली, आणि जाता जाता मागे वळून सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारलं. मी वार सांगितले.