मोगलीच्या जंगलातले गोंड कुठं गेले?



मोगली आपल्या सगळ्या पोरांना ठाऊक आहे. लांडग्यांनी वाढवलेला, टीव्हीवरचा. पण तो राहतो कुठं? सिवनीच्या डोंगरात, वैनगंगेच्या काठी. सिवनीतून निघून भंडारा, गडचिरोलीकडं वाहते तीच आपली वैनगंगा. म्हणजे मुलूख गोंडांचा. आणि त्या मुलखातल्या हिरोला ना गाव, ना गोत, ना देव!

हे सहज घडलं असं आम्ही मानत नाही.

रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाचं 'द जंगल बुक' आलं 1894 साली. त्याआधीच 1878 च्या वन कायद्यानं जंगलं राखीव करून सरकारच्या ताब्यात घ्यायची वाट मोकळी केली होती. 1894 मध्येच सरकारची वननीती आली, भूसंपादन कायदाही त्याच साली. इकडं कायद्यानं जंगलातून माणूस काढला, तिकडं पुस्तकातही तेच. अस्वल बोलतं, अजगर बोलतो. गोंड मात्र तीरकमठा घेऊन घडीभर येतो आणि जातो. गोंड या भूमीचे मूळ मालक, असं किपलिंग स्वतःच लिहितो. लिहिलं, आणि मालकालाच गोष्टीबाहेर ठेवलं!

पुढं मोगलीचं काय होतं, ते टीव्हीवर दाखवत नाहीत. 1893 च्या 'इन द रुख' या गोष्टीत मोठा झालेला मोगली वनखात्यात गार्ड होतो. काम काय? हुकूम नसेल तर गावकऱ्यांच्या शेळ्या जंगलातून हाकलायच्या, वाघाची खबर साहेबाला द्यायची. बदल्यात महिन्याचा पगार, म्हातारपणी पेन्शन. वाघाला न भिणारा गडी शेवटी साहेबाचा नाकेदार!

पोरांनी मोगली खुशाल पाहावा. आमचं भांडण आहे ते 'जंगलात माणूस नव्हताच' या शिकवणीशी. आजही मोगलीचं जंगल बघायला पर्यटक पेंचला येतात, जिप्सीत बसून तुरिया गेटातून आत शिरतात. त्याच तुरियात 9 ऑक्टोबर 1930 ला जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगलातलं गवत कापायला लोक जमले. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. मुड्डोबाई, रैनोबाई, देभोबाई आणि बिरजू शहीद झाले. चौघांत तिघी बाया. त्या जंगलाचे हिरो हे आहेत. यांचं कार्टून कोणी काढलं नाही.

मग आपण काय करायचं? 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक जंगल राखायचा, सांभाळायचा हक्क गावाला दिला आहे. दाव्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, देवस्थान, मसणवटी, जुनी विहीर, हे सगळं नियमात बसतं. तेव्हा शिकलेल्या पोरापोरींनो, वही घ्या. आजीआजोबांना घेऊन जंगलात फिरा. कोणत्या नाल्याचं नाव काय, कोणत्या डोंगरावर कोणता देव, मोहफुलं वेचायला कोण कुठं जायचं, सगळं लिहा आणि ग्रामसभेत वाचा.

आपली गोष्ट आपण लिहिली नाही, तर दुसराच लिहील. त्यात लांडगे असतील, आपण नसू.

मावा नाटे, मावा राज!