सूरजागडचा गाळ कोणाच्या हिशेबात?

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाविषयी गेल्या काही वर्षांत जेवढे बोलले व लिहिले गेले, तेवढे विदर्भातील दुसऱ्या डोंगराविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मिळाला. २०१६ साली प्रत्यक्ष उत्खनन सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील वाहने जाळली. पुढे काम कधी थांबले, कधी चालले. २०२१ पासून मात्र त्याने जोर धरला आणि २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची परवानगी एक कोटी टनांवर गेली. या साऱ्या काळात एक पक्ष रोजगार, पोलाद आणि सरकारी तिजोरीत पडणारे स्वामित्वधन यांचे आकडे मांडत आला. दुसरा पक्ष जंगल, ग्रामसभांचे हक्क आणि ठाकुरदेवाचे स्थान यांचे दाखले देत आला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या डोंगरावरून हा वाद माजला, तो डोंगर मुळात झाला कसा, इतका काळ टिकला का, आणि त्याच्यापासून सुटलेली माती अखेर जाते कोठे, याची चौकशी वादी-प्रतिवादींपैकी कोणी फारशी केलेली दिसत नाही. भूशास्त्र हा विषय खाणीच्या मालकांचा व त्यांच्या सल्लागारांचा, इतरांनी त्यात पडू नये, असा आपल्याकडे एक समज आहे. सूरजागडच्या बाबतीत तो समज महागात पडण्याचा संभव आहे.

याला आपल्या शाळांतील भूगोलही काहीसा जबाबदार आहे. महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, अशी आपली पक्की समजूत असते आणि ती बव्हंशी खरीही आहे, कारण राज्याच्या सुमारे चारपंचमांश भूमीवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर पसरलेले आहेत. वैनगंगा ओलांडून पूर्वेस गेले की हे सारे संपते. तेथील खडकांपुढे सह्याद्री कालचे पोर ठरावा. ज्या गोंडांच्या भूमीवरून भूशास्त्रज्ञांनी एका प्राचीन महाखंडाला गोंडवन हे नाव दिले व ते जगभर रूढ झाले, त्या भूमीचा हा दक्षिणेकडचा भाग. सिरोंचा तालुक्यातील कोटा गावावरून ज्युरासिक काळातील एका खडकमालेचे नामकरण झाले आहे; त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात सापडलेल्या बारापासॉरस नामक अजस्र प्राण्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचाच्या विद्यार्थ्याला तो पाहावयाचा, तर कोलकात्याचे तिकीट काढावे लागते. पण तो विषय वेगळा.

सूरजागडचे खडक या साऱ्याहूनही फार जुने आहेत. त्यांचे वय कोटींत मोजायचे झाले तर अडीचशे कोटी वर्षांच्या मागेपुढे जावे लागते. त्या काळी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. प्राणवायूविरहित पाण्यात लोखंड सहज विरघळते. त्यामुळे तेव्हाच्या समुद्रांत विरघळलेल्या लोखंडाचा प्रचंड साठा होता. पुढे सूर्यप्रकाशावर जगणारे सूक्ष्म जीव उथळ पाण्यात वाढले, त्यांनी प्राणवायू सोडला, आणि त्याच्याशी संयोग होताच लोखंड गंजून तळाशी बसू लागले. एक थर लोखंडाचा, एक गारेचा, पुन्हा लोखंडाचा, पुन्हा गारेचा, असे बोटभर किंवा त्याहूनही बारीक पट्टे शेकडो मीटर जाडीपर्यंत साचत गेले. हाच तो पट्टेदार लोहखडक. समुद्रांतील लोखंड एकदा संपले आणि हवेत प्राणवायू कायमचा राहिला, त्यानंतर अशा विस्ताराचे थर बनण्याची परिस्थितीच उरली नाही. सूरजागड, त्याच्या पूर्वेस छत्तीसगडमधील बैलाडिला, ब्राझीलमधील लोहपर्वत, ऑस्ट्रेलियातील हॅमर्सलीच्या रांगा ही सारी एका दीर्घ कालखंडाची अपत्ये आहेत. पीक कापले की पुढल्या हंगामात पुन्हा येते. हे पीक पृथ्वीने एकदाच काढले.

मात्र समुद्राच्या तळाशी जे साचले ते आज खाणीतून निघणारे उत्तम खनिज नव्हे. मूळ खडकात निम्म्याहून अधिक भाग गारेचा असतो. तो तळ वर उचलला गेला, वळ्या पडून उभा राहिला, आणि मग ऊन, पाऊस व झिरपणारे पाणी यांनी कोट्यवधी वर्षे त्यावर काम केले. उष्ण व दमट हवेत पाणी गारेचा अंश अत्यंत सावकाश विरघळवून नेते; लोखंड मात्र आता हवेत प्राणवायू असल्यामुळे विरघळत नाही, जागीच राहते. कोकणात जांभा बनतो तो ढोबळपणे याच न्यायाने. गार गेली, लोखंड राहिले, आणि खडकाच्या वरच्या भागात साठ टक्क्यांहून अधिक लोखंड असलेले हेमॅटाइट तयार झाले. ज्या लोखंडाने प्राणवायूअभावी समुद्रात प्रवास केला, त्याला प्राणवायूनेच डोंगरमाथ्यावर खिळवून ठेवले, ही या साऱ्या कथेतील मोठी गंमत आहे.

डोंगर डोंगर म्हणून उभा का, याचेही उत्तर येथेच मिळते. भोवतालचे मऊ खडक नद्यांनी वाहून नेले. हा कठीण माथा झिजला नाही, म्हणून तो उंच राहिला. गार निघून गेल्याने अशा खनिजात बारीक पोकळ्या राहतात, पावसाचे पाणी त्यांत मुरते व पायथ्याच्या झऱ्यांतून सावकाश बाहेर पडते. लोहखनिजाचे डोंगर जगात बहुतेक ठिकाणी असे पाणी धरून ठेवताना आढळले आहेत. पायथ्याच्या माडिया गावांनी या डोंगराला ठाकुरदेवाचे स्थान मानले आणि दर जानेवारीत तेथे यात्रा भरविली, यामागील श्रद्धेची चिकित्सा करण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु ओढ्यांचा उगम ज्या डोंगरात आहे त्याला जपावे, हे भूशास्त्राच्या विरुद्ध मुळीच नाही.

चांदा जिल्ह्यातील लोखंडावर उद्योगाची दृष्टी पडली ती काही आज नव्हे. जमशेटजी टाटांनी १८८२ मध्ये रिटर फोन श्वार्ट्झ या जर्मन भूशास्त्रज्ञाचा अहवाल वाचला. लोहारा गावाजवळचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे पाहून पोलादाचा कारखाना येथेच काढावा असे त्यांच्या मनाने घेतले. वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीच्या कामाचा ठरला नाही, सरकारी अटीही जाचक होत्या, आणि तो बेत तेथेच राहिला. पुढे दोराबजी टाटांनी नागपुरात भूशास्त्रीय नकाशा पाहिला, तेव्हा त्यांचे लक्ष दुर्ग जिल्ह्याकडे वळले, आणि अखेर कारखाना झाला तो साकचीला. चांद्याच्या वाट्याला उद्योग आला नाही, याची खंत विदर्भात पिढ्यान् पिढ्या बोलून दाखविली जाते. ती अनाठायी म्हणता येणार नाही. कोनसरीला आज जे उभे राहत आहे त्याचे स्वागत करणाऱ्यांना केवळ पैशाचे लोभी ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल. लोखंड सर्वांनाच हवे आहे. हे ज्या कागदावर छापले जाते तो छापणारे यंत्रही लोखंडाचेच.

प्रश्न गतीचा आहे. एक साधा हिशेब कोणत्याही शाळेतील शिक्षकाला फळ्यावर मांडता येईल. एक घनमीटर खनिजाचे वजन साडेचार टन धरले, तर वर्षाला एक कोटी टन म्हणजे सुमारे २२ लाख घनमीटर. खाणपट्टा ३४८ हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ ३५ लाख चौरस मीटरांचा. एवढ्या साऱ्या क्षेत्रावर सारखे खोदले असे मानले, तर डोंगर वर्षाला सुमारे ६४ सेंटिमीटरांनी खाली येतो. यात खनिजाबरोबर निघणारा टाकाऊ दगड धरलेलाच नाही. दख्खनच्या पठारी प्रदेशात पाऊस व नद्या मिळून जमिनीची जी झीज करतात ती हजार वर्षांत काही सेंटिमीटरांपलीकडे सहसा जात नाही. सूरजागडसारख्या कठीण माथ्यावर ती आणखी कमी. झीज हजार वर्षांत पाच सेंटिमीटर अशी सढळ हाताने धरली, तरी निसर्गाचे तेरा हजार वर्षांचे काम येथे एका वर्षात उरकले जाते. खनिज मालमोटारींतून निघून जाते हे खरे. पण त्याबरोबर उघडी पडलेली माती, दगडांचे ढीग, रस्त्यांवरची धूळ हे सारे तेथेच राहते, आणि जूनमध्ये पाऊस येतो.

पाऊस म्हणजे काय, हे भामरागडच्या रहिवाशाला विचारावे. पर्लकोटेच्या पुराने त्यांचा जगाशी असलेला संबंध दर पावसाळ्यात तुटतो. एटापल्लीकडील ओढे-नाले बांडियासारख्या नद्यांना मिळतात, बांडिया इंद्रावतीला, आणि इंद्रावती सोमनूरजवळ गोदावरीला. हजारो वर्षांत या प्रवाहांनी आपल्या पात्राची रुंदी व उतार ठरविला तो जंगलाने अडवून सोडलेल्या थोड्याशा गाळाच्या मानाने. त्यात एकाएकी कैक पटींनी माती आली, की पात्र भरते, पूर पसरतो आणि बारीक लाल कण भाताच्या बांधीत शिरून जमिनीवर साय धरल्यासारखे घट्ट बसतात. खाणीच्या पायथ्याच्या शेतांत लाल गाळ आल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊन गेल्या आहेत. बैलाडिलाच्या खाणी १९६८ पासून चालू आहेत, आणि त्या डोंगराखालच्या शंखिनी व डंकिनी या नद्यांचे पाणी लाल झाले, हे आता पुस्तकांतून लिहिले जाते. त्याही इंद्रावतीलाच मिळतात. कर्नाटकातील कुद्रेमुखची खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ अखेर बंद झाली; भद्रा नदीत जाणारा गाळ हा त्या वादातील एक मुख्य मुद्दा होता. गोव्यात डिचोली-सांग्यातील शेतकऱ्यांनी खाणमातीच्या ढिगाऱ्यांखाली काय सोसले, ते २०१२ मध्ये खाणी थांबल्यानंतर देशाला नीट कळले. कळले, पण वेळ टळून गेल्यावर.

सूरजागडच्या बाबतीत वेळ अजून टळलेली नाही. उलट खरा अवघड भाग आता सुरू होत आहे. उत्तम खनिज वरवरचे असते व ते आधी संपते. त्याखाली तोच मूळ पट्टेदार खडक आहे, ज्यात लोखंड तीस ते पंचेचाळीस टक्केच. हा खडक पिठासारखा दळून त्यातील गार वेगळी काढण्याचे प्रकल्प आता पुढे आले आहेत. हेडरीला दळण्याचा कारखाना आणि तेथून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरांची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी हलक्या खनिजाच्या समृद्धीकरणासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वळविण्यास केंद्राने तत्त्वतः संमती दिली. एका अर्थाने हे योग्यच म्हटले पाहिजे. पृथ्वीने एकदाच दिलेले खनिज हलके म्हणून फेकून देणे हा शहाणपणा नव्हे. पण दळलेल्या खडकाचा ढोबळ मानाने निम्मा भाग मागे उरतो, आणि तो दगडाच्या रूपात राहत नाही, तर पाण्यात तरंगणारा अतिबारीक गाळ होतो. ब्राझीलमध्ये अशाच लोहखडकाच्या खाणींवरील गाळाचे बंधारे फुटले. २०१५ मध्ये मारियाना येथे १९ माणसे गेली व दोशी नदी समुद्रापर्यंत गढूळ झाली. २०१९ मध्ये ब्रुमाडिन्यो येथे २७० माणसे गाडली गेली. गाळातील पाणी दाबून काढून तो कोरडा रचण्याची पद्धत आज उपलब्ध आहे. ती महाग आहे, आणि मुसळधार पावसाच्या प्रदेशात तिलाही फार काळजी लागते. हेडरीच्या परिसरात कोणती पद्धत कोठे वापरली जाणार, हे तेथील माणसाला त्याच्या भाषेत व नकाशावर बोट ठेवून सांगितले गेले पाहिजे.

तसे सांगण्याची जागा जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेनुसार ती प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी लागते. एक कोटी टनांच्या विस्तारासाठीची सुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरात झाली ती सुमारे दीडशे किलोमीटर दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. सुरक्षेचे कारण पुढे करण्यात आले होते. त्या कारणाला तेव्हा काही अर्थ होता असे मानले, तरी ज्या भागात रोज शेकडो मालमोटारी धावू शकतात तेथे एक मांडव घालता येत नाही, हे कोणाला पटावे?

पर्यावरण मंजुरीच्या अटींत गाळ अडविणारी कुंडे आणि बंधारे यांचा उल्लेख असतोच. ते पुरे पडतात की नाही हे अहवालावरून कळत नाही, ओढ्याच्या पाण्यावरून कळते. खाणीच्या वरच्या बाजूस एक व खालच्या बाजूस दोन-तीन अशा ठिकाणी पावसाळाभर दररोज पाण्याचा नमुना घ्यावा, त्यातील गाळ वाळवून तोलावा, आणि तो आकडा त्याच आठवड्यात एटापल्लीच्या तहसील कचेरीवर व गावोगावच्या ग्रामसभांच्या फलकावर लावावा. यासाठी बाटल्या, गाळणकागद, एक तराजू आणि प्रामाणिक माणसे पुरतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. चामोर्शी, अहेरी, एटापल्लीत महाविद्यालये आहेत. विज्ञानाचे विद्यार्थी आहेत. पैशाचीही सबब नाही. २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्क्यांएवढी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, आणि पर्यावरणाची देखरेख हे त्या निधीच्या हेतूंपैकी एक आहे. मोजणी मात्र कंपनीच्या हाती नसावी, आणि केवळ विरोधकांच्याही नसावी. दोघांनाही तिचे आकडे गैरसोयीचे ठरण्याचा संभव आहे, आणि म्हणूनच ती तिसऱ्याने करावयाची.

खाण सुरू होण्यापूर्वीच्या पाण्याचे असे आकडे लोकांपुढे कधी आलेच नाहीत. ज्या ओढ्यांच्या माथ्यावर अजून खाण पोहोचलेली नाही, असे ओढे आजही शेजारी आहेत आणि तुलनेसाठी ते चालतील. नवे पट्टे मंजूर होत गेले तर तेही फार काळ तसे राहणार नाहीत. तेव्हा ही मोजणी सुरू व्हायची असेल, तर ती येत्या मृगाच्या पहिल्या पावसापूर्वी व्हावी.